मित्रशोक आणि गुणिजनांचें स्मरण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सप्ताहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या सप्ताहांत शोकाचा विषय कशाला, असें आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत आलें असेल. मंडप उभारला आहे, दिवे लागले आहेत, मुलांच्या सामन्यांचीं बक्षिसें टेबलावर मांडलेलीं आहेत. अशा वेळीं मृत्यूचें नांव काढणें अप्रशस्त वाटावें, हें स्वाभाविक आहे. परंतु पन्नास वर्षें मोजावयास बसलें कीं माणसें मोजावीं लागतात. आणि माणसें मोजूं लागलें कीं जीं आज नाहींत तींच आधीं आठवतात. महोत्सव-समितीनें या सभागृहाच्या भिंतीवर दोन जुनीं छायाचित्रें लाविलीं आहेत. एक धर्मग्रामाच्या पहिल्या गायनमंडळाचें, दुसरें पहिल्या फुटबॉल-संघाचें. गेले चार दिवस आम्ही पाहत आहों. आपण त्यांपुढें उभे राहतां, मुलांना एकेक चेहरा दाखवितां, नांवें सांगतां. आणि दर दोन-तीन नांवांमागें आपला आवाज खालीं येतो. तेव्हां हा विषय आम्हीं या महोत्सवांत आणलेला नाहीं. तो आधींच येथें होता.

शिवाय महोत्सवाच्या तयारीच्या दिवसांत आम्हांस दोन प्रश्न विचारण्यांत आले. पहिला एका तरुणाचा. हा मुलगा तबला शिकतो. १५ डिसेंबर २०२४ रोजीं उस्ताद झाकिर हुसेन सॅन फ्रान्सिस्को येथें निवर्तले, तेव्हां त्यास दोन दिवस अन्न गोड लागलें नाहीं. घरीं थट्टा झाली, "ते कोण तुझे?" त्यानें आम्हांस विचारलें, "फादर, ज्यांनीं मला कधीं पाहिलें नाहीं, जे आपल्या धर्माचेहि नव्हते, त्यांच्यासाठीं रडणें हा वेडेपणा आहे काय?"

दुसरा प्रश्न एका वृद्ध गृहस्थांचा. त्यांचा चाळीस वर्षांचा मित्र गेला. दोघे एका संघांत खेळले, एका गायनमंडळांत शेजारीं उभे राहिले, दर रविवारीं मिस्सा आटोपल्यावर एकाच टपरीवर चहा प्याले. सारा धर्मग्राम मित्राच्या मुलांच्या समाचारास गेला. यांच्या दारीं कोणी आलें नाहीं. ते म्हणाले, "फादर, मी त्याचा कोणीच लागत नव्हतों काय?"

वरवर पाहतां हे दोन प्रश्न अगदीं निराळे आहेत. एकाचा शोक दूरच्या कीर्तिमंताचा, दुसऱ्याचा जवळच्या अप्रसिद्धाचा. तथापि आमच्या मतें दोहोंचें उत्तर एकच आहे, आणि तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. शोकाचा अधिकार केवळ रक्तानें मिळत नाहीं. तो प्रीतीनें व उपकारानेंहि मिळतो. आणि तो अधिकार घेतला कीं त्याबरोबर एक कर्तव्यहि अंगावर येतें.

प्रथम शास्त्र काय सांगतें तें पाहूं. बेथानी गांवीं लाजरस मरण पावला. तो प्रभु येशूचा मित्र होता. भाऊ नव्हे, नातलग नव्हे. थोड्याच वेळानें आपण त्यास कबरेंतून बाहेर बोलाविणार, हें प्रभूस ठाऊक होतें. तरीहि त्या कबरेकडे जातांना प्रभूस रडूं आलें. ज्याच्या हातीं पुनरुत्थान होतें त्यानेंहि अश्रु आवरले नाहींत, मग आम्हीं ते आवरावे असा आग्रह कोणीं धरावा? संत पौलहि थेस्सलनीकाच्या मंडळीस आशाहीन शोकापासून सावध करतात, शोकापासून नव्हे.

जुन्या करारांतील एक कथा तर आमच्या विषयाच्या याहून जवळची आहे. दावीद हा वीणा वाजविणारा. त्याच्या वादनानें शौल राजाचें व्याकुळ मन शांत होई. योनाथान हा धनुर्धर. मैदानांत बाण सोडून त्यानें आपल्या मित्रास संकटाची खूण दिली होती. गिलबोवाच्या डोंगरावर शौल व योनाथान पडले, तेव्हां या वादकानें त्या धनुर्धरासाठीं विलापगीत रचिलें. येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. शौलानें दाविदाचा जीव घेण्याचा कित्येकदां प्रयत्न केला होता. तरी दाविदानें त्या गीतांत त्याच्या शौर्यास उणेपणा येऊं दिला नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं तें गीत यहूदाच्या लोकांस शिकवावें, अशी त्यानें आज्ञा केली. आपला शोक त्यानें आपल्या दालनांत कोंडून ठेविला नाहीं. तो दुसऱ्यांस शिकवितां येईल असा केला. दाविदाचा हा धडा पुढें आपल्या उपयोगीं पडेल.

संत ऑगस्टीन यांनीं आपल्या आत्मनिवेदनाच्या चौथ्या भागांत तरुणपणींच्या एका मित्राचा मृत्यु वर्णिला आहे. त्या मित्रावांचून तागास्ते गांवांतील घर, रस्ते, नेहमींच्या बसण्याउठण्याच्या जागा, सारें त्यांस असह्य झालें. अखेर गांव सोडून ते कार्थेजला गेले. पुढें दुसऱ्या मित्रांच्या सहवासानें, एकत्र वाचनानें, विनोदानें व प्रेमळ वादांनीं त्यांची जखम हळूहळू भरली, असें ते सांगतात. नवल असें कीं त्या मित्राचें नांव त्यांनीं त्या कथेंत कोठेंच दिलेलें नाहीं. सोळाशें वर्षांहून अधिक काळ जगभरचे वाचक त्या मित्रासाठीं हळहळत आले आहेत, आणि नांव मात्र कोणास ठाऊक नाहीं. ज्याच्यासाठीं एकजण मनापासून रडला, तो जगास अप्रसिद्ध असला तरी क्षुद्र नसतो, हें आम्ही यावरून शिकतों.

आमच्या महाराष्ट्रालाहि हें परकें नाहीं. १२९६ सालीं ज्ञानेश्वरांनीं आळंदीस समाधि घेतली. नामदेव त्यांचे तीर्थयात्रेंतील सोबती. एक शिंपीकुळांतले, दुसरे ब्राह्मणकुळांतले. रक्ताचें नातें कांहीं नव्हतें. तरी त्या समाधीचें अत्यंत करुण वर्णन नामदेवांच्या अभंगांत आहे, आणि वारकरी मंडळी तें पिढ्यान्‌पिढ्या गात आली आहेत. मित्राच्या वियोगाचें दुःख मराठी भाषेस तिच्या बाल्यापासून ठाऊक आहे.

आतां गुणिजनांकडे वळूं, आणि आपल्याच नगरापासून आरंभ करूं.

सी. के. नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजीं नागपुरांत झाला. १९२६ सालीं मुंबईच्या जिमखाना मैदानावर त्यांनीं एम. सी. सी. या इंग्रज संघाविरुद्ध १५३ धावा काढिल्या. त्यांत अकरा षटकार होते. २५ जून १९३२ रोजीं लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हां कर्णधार हेच होते. आणि पहिल्या डावांत भारतातर्फें सर्वांत अधिक धावा, म्हणजे ४०, यांच्याच होत्या. होळकर महाराजांच्या आमंत्रणावरून ते इंदुरास जाऊन राहिले, साठी उलटल्यावरहि रणजी सामन्यांत उतरले, आणि १४ नोव्हेंबर १९६७ रोजीं इंदुरासच त्यांनीं देह ठेविला.

संगीतांत डॉ. वसंतराव देशपांडे यांचें नांव नागपूर विसरणें शक्य नाहीं. २ मे १९२० रोजीं वऱ्हाडांतील मुर्तिजापुरास जन्म. नागपुरांत शंकरराव सप्रे यांजपाशीं गाण्याचे धडे. १९३५ च्या 'कालियामर्दन' चित्रपटांत बाळकृष्णाची भूमिका. आणि त्यानंतर कित्येक वर्षें पुण्यास लष्करी हिशेब-खात्यांत नोकरी. दिवसां आंकड्यांची बेरीज करावी आणि रात्रीं सुरांची, असा त्यांचा क्रम होता. १९६७ च्या डिसेंबरांत, नायडूंना जाऊन कांहीं आठवडेच झाले असतांना, नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांचें 'कट्यार काळजांत घुसली' हें नाटक रंगभूमीवर आलें, आणि त्यांतील खांसाहेबांच्या भूमिकेनें वसंतराव घरोघरीं पोहोंचले. ३० जुलै १९८३ रोजीं ते निवर्तले. वय अवघें ६३ होतें. त्यांचे जिवलग मित्र पु. ल. देशपांडे यांनीं या गाण्याचें मर्म आपल्या लेखणीनें व वाणीनें महाराष्ट्रास उलगडून दाखविलें. मित्रानें मित्राचा गुण लोकांस शिकवावा, हें दाविदाचेंच काम होय.

तिसरें नांव विजय हजारे यांचें. सांगलीच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांत १९१५ सालीं ते जन्मले. १९५२ सालीं मद्रास येथें भारतानें इंग्लंडास हरवून पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हां कर्णधार तेच होते. १८ डिसेंबर २००४ रोजीं बडोद्यास ते परलोकवासी झाले. त्यांच्या एका खेळीचा वृत्तांत आम्ही मुलांना नेहमीं सांगतों. १९४३ सालच्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम लढतींत हिंदु संघाविरुद्ध 'रेस्ट' हा संघ उभा होता. देशी ख्रिस्ती खेळाडु याच संघांत खेळत. दुसऱ्या डावांत हा संघ ३८७ धावांत बाद झाला, आणि त्यांतील ३०९ धावा एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. सामना हातचा गेलाच. परंतु त्या डावांत सहाव्या गड्यासाठीं ३०० धावांची भागी झाली, आणि त्या भागींत त्यांचे बंधु विवेक यांच्या धावा होत्या केवळ २१.

बंधुभगिनींनो, या एकवीस धावांपाशीं क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे. इतिहासानें ३०९ हा आंकडा लक्षांत ठेविला. परंतु पलीकडच्या टोकास एकजण बॅट टेकून उभा राहिला नसता, तर तो आंकडा झाला असता काय? आपणांपैकीं प्रत्येकाच्या आयुष्यांत असा पलीकडच्या टोकाचा कोणीतरी असतो. त्याच्या नांवावर धावा थोड्या असतात. वर्तमानपत्रांत त्याचें नांव येत नाहीं. पण तो उभा होता म्हणून आम्हीं खेळूं शकलों. त्यालाच मित्र म्हणतात.

येथें त्या तरुणाच्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल. त्यानें कधीं न भेटलेल्या वादकासाठीं अश्रु ढाळले, त्यांत वेडेपणा नाहीं. झाकिर हुसेन हे मुसलमान कुटुंबांत जन्मले, माहीमच्या सेंट मायकेल शाळेंत आणि पुढें मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयांत शिकले, आणि त्यांच्या तबल्यानें कोणत्याहि श्रोत्यास त्याचा धर्म विचारला नाहीं. ज्यांनीं दिलें त्यांस देतांना आमचें नांव ठाऊक नव्हतें. घेणाऱ्यानें मात्र देणाऱ्याचें नांव विसरूं नये. हें ऋण फेडावयास दाता जिवंत नाहीं, ही जाणीवच त्या शोकाचें मूळ आहे.

आणि आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. आम्ही थोर गवयासाठीं किंवा खेळाडूसाठीं शोक करतों, तेव्हां आम्ही एकट्या त्याच्यासाठींच शोक करीत नसतों. तें गाणें आम्हीं कोणाबरोबर तरी ऐकलेलें असतें. तो सामना कोणाच्या तरी खांद्याला खांदा लावून रेडिओपाशीं ऐकलेला असतो. ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं लता मंगेशकर गेल्या, तेव्हां आपल्या धर्मग्रामांतील एक वृद्ध भगिनी आम्हांस म्हणाल्या कीं त्या बातमीनें त्यांस स्वतःच्या दिवंगत मैत्रिणीची आठवण होऊन रडूं आलें. कारण तीं गाणीं दोघी मिळून गुणगुणत असत. गुणिजनांचा मृत्यु आमच्या जुन्या मित्रांच्या कबरी पुन्हां उघडतो. म्हणूनच त्या तरुणाचा शोक आणि त्या वृद्ध गृहस्थांचा शोक हे दोन नव्हेत.

परंतु दोहोंस जग सारखें वागवीत नाहीं, हें खरें. लताबाईंसाठीं दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा झाला, आणि तो योग्यच होता. मित्राच्या मृत्यूचा दुखवटा मात्र कोणत्याहि नियमांत बसत नाहीं. आमच्या देशांतील सुतकाचे हिशेब रक्तावर चालतात. कचेरींतील रजा आईबाप, पतिपत्नी, मुलें यांच्यासाठीं मिळते. "मित्र वारला" या कारणानें रजेचा अर्ज केला तर साहेब चष्म्यावरून पाहतो. कोरोनाच्या साथींत तर हें फारच निष्ठुरपणें दिसून आलें. अंत्यविधीस वीसच माणसें असावीं, असा नियम तेव्हां होता. साथ पाहतां नियम आवश्यक होता; त्यास आम्ही दोष देत नाहीं. परंतु त्या वीस नांवांची यादी करावयाची पाळी आम्हांवर वारंवार आली, आणि प्रत्येक वेळीं मुलें, सुना, जांवई, भाऊ, पुतणे यांतच वीस पुरे झाले. मित्राचें नांव बसेना. त्याच २०२० सालच्या नोव्हेंबरांत दूर अर्जेंटिनांत फुटबॉलपटु मॅराडोना यांच्या अंत्यदर्शनास हजारोंची रांग लागली. आणि येथें नागपुरांत, ज्यानें जन्मभर एखाद्याबरोबर फुटबॉल खेळला, तो मित्र कबरस्थानाच्या फाटकाबाहेर सायकलीवर हात ठेवून उभा होता. आम्हीं त्यास पाहिलें आहे. असे मित्र या सभागृहांत आज बसलेले आहेत. त्यांचा शोक अद्याप कोणीं विचारलेला नाहीं.

पवित्र ख्रिस्तसभेनें या बाबतींत फार पूर्वींच एक मोठें दार उघडून ठेविलें आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनीचे मठाधिपति संत ओडिलो यांनीं आपल्या मठांत २ नोव्हेंबर हा सर्व मृत भाविकांच्या स्मरणाचा दिवस नेमिला. पुढें तो सर्वत्र पाळला जाऊं लागला. त्या दिवशींच्या प्रार्थनेंत नातें विचारलें जात नाहीं. ज्याच्यामागें कोणी उरलें नाहीं त्याचेंहि स्मरण तींत होतें. मग ज्याच्यामागें मित्र उरला आहे, त्याचें स्मरण मित्रानें कां करूं नये?

आतां कर्तव्याविषयीं. शोक दोन प्रकारचा असतो. एक गाजतो आणि विझतो. थोर पुरुष गेल्याची बातमी येतांच घरोघरच्या दूरध्वनींवर छायाचित्रें फिरतात, हारांची रास पडते, आणि तिसऱ्या दिवशीं सारें शांत होतें. दुसरा शोक मुकाट्यानें काम करतो. विदर्भानें क्रिकेटांतील रणजी करंडक प्रथम जिंकला तो १ जानेवारी २०१८ रोजीं, आणि तो इंदुरास, होळकर मैदानावर. म्हणजे नागपूरच्या ज्या सुपुत्रानें जेथें देह ठेविला त्याच नगरांत. हा योगायोग खरा. परंतु करंडक योगायोगानें मिळत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी सकाळीं लवकर मैदान झाडलें, कोणीतरी मुलांना सरळ बॅटीनें खेळावयास शिकविलें. सिव्हिल लाइन्समधील ज्या सभागृहास वसंतरावांचें नांव दिलें आहे, तेथें आजहि गाणें होतें. त्यांचे नातू राहुल हे आजोबा गेले तेव्हां अगदीं लहान होते; तरी त्यांनीं तें गाणें आत्मसात्‌ केलें आणि 'कट्यार' मधील खांसाहेबहि रंगभूमीवर पुन्हां उभे केले. असा शोक दाविदाच्या आज्ञेस धरून आहे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं आपल्या धर्मग्रामापुढें आम्ही तीन साध्या गोष्टी ठेवितों.

पहिली. यापुढें कोणाच्या घरीं मृत्यु झाला, तर घरच्यांनीं आम्हांस मुलांच्या व भावांच्या नांवांबरोबर आणखी एक नांव सांगावें: मृताचा मित्र कोण, मैत्रीण कोण. खांदा देणाऱ्यांत त्यास जागा द्यावी. कबरेवर माती टाकतांना त्यास पुढें बोलवावें. आणि समाचारास निघालेल्या मंडळींनीं त्याच्या दारावरूनहि जावें. तेथें फार बोलावें लागत नाहीं. दहा मिनिटें बसावें, चहा घ्यावा, आणि त्यास आपल्या मित्राची एखादी गोष्ट सांगूं द्यावी.

दुसरी. नोव्हेंबर महिन्यांत मिस्सेसाठीं आपण मृतांच्या नांवांचे कागद आणून देतां. त्यांत आजवर बहुधा एकाच आडनांवाची रांग असते. यंदा प्रत्येकानें एक तरी नांव दुसऱ्या आडनांवाचें लिहावें. मित्राचें लिहावें, गुरूचें लिहावें. ज्याच्या गाण्यानें किंवा खेळानें आपणांस जगावयास धीर दिला त्याचेंहि लिहावें. तो परधर्मी असला तरी शंका बाळगूं नये. परमेश्वराची दया आम्ही आंखलेल्या रेषेपाशीं थांबत नाहीं.

तिसरी. मृताची कला त्याच्याबरोबर पुरूं नये. आपल्या गायनमंडळाची जुनी पेटी वाजविणारा गेल्यावर ती कित्येक महिने कपड्याखालीं झांकून होती. आतां एक मुलगी ती शिकत आहे. तिची बोटें अजून अडखळतात, आणि रविवारीं एखादा सूर चुकतो. कोणीं तिला हंसूं नये. तो चुकलेला सूर ही त्या वादकास वाहिलेली उत्तम श्रद्धांजलि आहे, कारण त्यांत त्याचें काम पुढें चाललें आहे. ज्यांना खेळ येतो त्यांनीं मैदानांत एका मुलाचा हात धरावा. ज्यांना गाणें येतें त्यांनीं एका मुलास आपल्या शेजारीं उभें करावें. मित्राचें ऋण मित्रास परत देतां आलें नाहीं, तर तें पुढच्यास द्यावें.

त्या वृद्ध गृहस्थांस आम्हीं काय उत्तर दिलें, हें आपण विचाराल. आम्ही म्हणालों, "आपण त्याचे कोणीच लागत नव्हतां, म्हणूनच आपली प्रीति मोठी. मुलगा बापासाठीं रडतो त्यांत धर्म आहे. आपणांस कोणताहि धर्म बांधीत नव्हता, तरी आपण चाळीस वर्षें त्याच्याजवळ उभे राहिलां." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नोव्हेंबरच्या यादींत त्याचें नांव माझ्या हातानें लिहितों."

बंधुभगिनींनो, त्या दोन छायाचित्रांतील माणसांनीं हा धर्मग्राम गात गात आणि खेळत खेळत उभा केला. पुढच्या पन्नास वर्षांनंतर याच भिंतीवर आपलें छायाचित्र लागेल, आणि त्यापुढें उभें राहून कोणीतरी आपलें नांव सांगतांना आवाज खालीं आणील. तो आवाज मित्राचा असावा, इतकें जगणें आपल्या हातीं आहे. परमेश्वर आपल्या मृत मित्रांस चिरशांति देवो, आणि मागें राहिलेल्यांस एकमेकांच्या दारीं जाण्याची बुद्धि देवो.